अनामतीचे गणित

घर भाड्याने देताना घरमालक भाडेकरूकडून एक ठोक रक्कम घेतो आणि घर रिकामे होईल तेव्हा ती परत करण्याचे कबूल करतो. मराठीत या रकमेला अनामत म्हणतात. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. विश्वासाने स्वाधीन केलेली ठेव, हा त्याचा अर्थ. अशी ठेव ज्याच्याकडे ठेवायची तो माणूस व्यवहाराबाहेरचा आणि निःस्पृह असावा, अशी अपेक्षा या शब्दामागे सहजच उभी राहते. घरभाड्याच्या व्यवहारात मात्र ठेव सांभाळणारा आणि त्याच ठेवीवर हक्क सांगू शकणारा माणूस एकच असतो. बंगळूरमध्ये तर ठेवीचा हा अर्थ भाषेतूनही गळून गेला आहे. तेथे मालक, भाडेकरू आणि दलाल असे सर्वजण या रकमेला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘मुंगड’. वास्तविक आगाऊ दिलेले भाडे महिन्यामहिन्याला वळते होत जावयास हवे. ही रक्कम तशी वळती होत नाही. भाडेकरू दरमहा वेगळे भाडे भरतो आणि अ‍ॅडव्हान्स मालकापाशी बिनव्याजी पडून राहतो.

या रकमेचा आकार हा बंगळूरचा विशेष होय. हैदराबाद किंवा दिल्लीत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत सर्वसाधारण समजली जाते. मुंबई-पुण्याकडेही, भाडे उतरवून घेण्यासाठी मुद्दाम मोठी रक्कम दिली नसेल तर, ती याच सुमारास असते. बंगळूरमध्ये मात्र दीर्घकाळ दहा महिन्यांचे भाडे हा ठरीव आकडा होता. चेन्नईतही ही चाल होती. अलीकडे अनेक ठिकाणी हा आकडा पाच-सहा महिन्यांवर उतरला असला, तरी घासाघीस सुरू होते ती पुष्कळदा दहापासूनच. महिना पंचवीस हजार रुपये भाड्याच्या घरासाठी अडीच लाख रुपये आधी मोजायचे, म्हणजे नुकतीच नोकरी लागलेल्या माणसाने कित्येक महिन्यांचा पगार एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या हाती ठेवावयाचा. हा दहाचा आकडा आला कोठून आणि मालक तो कसा ठरवतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

मालकाला विचारले तर तो प्रथम नासधुशीचे कारण सांगतो. भिंतीला पडलेली भोके, फुटलेले धुण्याचे भांडे, निखळलेले नळ, उंदरांनी कुरतडलेली कपाटाची फळी, यांची भरपाई कोठून करावयाची? कारण खरे आहे, परंतु ते पुरेसे नाही. सर्वसाधारण कुटुंब दोन-तीन वर्षे राहून गेल्यावर घराची जी दुरुस्ती करावी लागते, तिचा खर्च एखाद्या महिन्याच्या, फार तर दोन महिन्यांच्या भाड्यात भागतो. वीज आणि पाण्याची थकलेली देयके धरली तरी त्यात थोडीच भर पडते. ही भर मालकाला जाचते हे खरे. कारण वीजजोडणी बहुधा त्याच्याच नावावर असते आणि भाडेकरू निघून गेला की वीज कंपनी मालकाचेच दार ठोठावते. तरीही या सर्वांची बेरीज दहा महिन्यांपर्यंत पोहोचत नाही. नासधुशीच्या भयाने मागितलेली अनामत दोन-तीन महिन्यांची असते. त्यावरची रक्कम दुसऱ्या कशासाठी तरी मागितली जाते.

ते दुसरे भय म्हणजे घर परत न मिळण्याचे. ते समजण्यासाठी आधी मुंबईकडे वळले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अत्यंत कठीण करून ठेवले. युद्धोत्तर टंचाईच्या काळात हे संरक्षण आवश्यक होते, यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पुन्हापुन्हा मुदतवाढ घेत अर्धशतकभर टिकला. बांधलेल्या भाड्यात घराची डागडुजीही होईना, तेव्हा मालकांनी पागडीचा मार्ग धरला. पागडी परत मिळत नसे; ती दडपून घेतलेली किंमतच होती. पुढे मालकांनी भाडेकरू न ठेवता ‘परवानाधारक’ ठेवण्याची युक्ती काढली. परंतु १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात असलेल्या परवानाधारकांना कायद्यात दुरुस्ती करून भाडेकरूंचे संरक्षण देण्यात आले. त्या दिवसापर्यंत पाहुणा समजलेला माणूस दुसऱ्या दिवशी कायमचा रहिवासी ठरला. हा धडा मुंबईबाहेरच्या मालकांनीही गिरवला. गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद आता न्याय्य राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते १९९७ च्या डिसेंबरात.

बंगळूरचा अनुभव थोडा निराळा, पण त्याच जातीचा होता. म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार घर रिकामे झाले की मालकाने ते घरभाडे नियंत्रकाला कळवावयाचे आणि नियंत्रकाने ते अर्जदारांपैकी कोणाला द्यावे हे ठरवावयाचे, अशी व्यवस्था होती. आपल्याच घरात कोण राहणार हे आपण ठरवू शकत नाही, ही गोष्ट मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी येथील जुन्या घरमालकांच्या मनात खोल रुतून बसली. जो व्यवहार कायद्याच्या दृष्टीआड होतो त्यात ओळख हीच हमी असते. बँकेतील कारकून, शाळेतील शिक्षक, एखाद्या सार्वजनिक कारखान्यातील पर्यवेक्षक असा भाडेकरू कोणाच्या तरी शब्दावर येत असे. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, एचएमटी यांच्या स्वतःच्या वसाहती होत्या आणि त्यांत पुष्कळ कामगारांची सोय होत असे.

पुढे शहर या ओळखीच्या मर्यादेत मावेनासे झाले. १९७१ च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख असलेली बंगळूरची लोकसंख्या १९८१ मध्ये एकोणतीस लाखांवर गेली आणि २०११ मध्ये पंच्याऐंशी लाखांच्या घरात पोहोचली. पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला आली. तिच्या मागेपुढे जे उद्योग आले, त्यांनी कामगारांसाठी वसाहती बांधल्या नाहीत. ओडिशा, बंगाल, बिहार, केरळ, विदर्भ अशा चहूकडून तरुण माणसे आली. त्यांचा शब्द टाकणारा शहरात कोणी नव्हता. ओळखीची जागा मग पैशाने घेतली. ज्याच्या मामाला मालक ओळखत नाही, त्याने दहा महिन्यांचे भाडे मोजावे, असा हा सौदा आहे.

या ठिकाणी कायद्यातील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आला. त्याने बंगळूरसारख्या शहरात दरमहा साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाड्याची घरे आपल्या कक्षेबाहेर ठेवली. आज मध्यमवर्गीयाला राहण्याजोगे जवळजवळ कोणतेच घर त्या रकमेत मिळत नाही. म्हणजे ज्या संरक्षणाचे मालकाला भय वाटते, ते बहुसंख्य भाडेकरूंना आता मिळतच नाही. त्यांचा व्यवहार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने चालतो आणि त्या कायद्यानुसार महिनेवारीने राहणाऱ्या भाडेकरूची भाडेपट्टी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून करार अकरा महिन्यांचा करण्याची रीत पडली आहे. इतके असूनही मालक निर्धास्त नसतो. नोटीस पंधरा दिवसांची असली, तरी तिला न जुमानणाऱ्या माणसाला बाहेर काढण्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि तेथील वर्षे कोणत्याही करारात लिहिलेली नसतात.

मालकाच्या मनातील हिशेब तेव्हा साधारण असा चालतो. भाडेकरूने भाडे थांबवले तर पहिले दोन महिने आर्जवात आणि आश्वासनांत जातात. तिसऱ्या महिन्यात वकिलाची नोटीस निघते. दावा उभा राहून पहिली तारीख लागेपर्यंत आणखी काही महिने जातात. एवढ्या अवधीत दहा महिने सहज सरतात आणि तोवर मालकाच्या पदराला खार लागत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याचे अडीच लाख अडकले आहेत तो भाडेकरू इतका ताणत नाही. त्याचा जीव त्या रकमेत असतो. अनामत ही भरपाईची रक्कम असण्यापेक्षा ओलीस ठेवलेली रक्कम अधिक असते.

महाराष्ट्राशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात राहत्या घराच्या परवाना-कराराची मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मागता येते आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असेही त्या कायद्याने ठरवले. घर परत मिळण्याची वाट तुलनेने सरळ झाल्यामुळे मुंबई-पुण्याच्या मालकाला दहा महिन्यांच्या ओलिसाची गरज तितकीशी भासत नाही. अर्थात एवढ्यावरून सारे कोडे उलगडते असे समजू नये. हैदराबादच्या मालकाला बंगळूरच्या मालकापेक्षा न्याय लवकर मिळतो असे कोणी म्हणणार नाही. तरी तो दोन महिन्यांवर समाधान मानतो. म्हणजे कायद्याच्या दिरंगाईने अनामत वाढण्याचे कारण कळते, ती वाढलेली का राहते हे कळत नाही. त्यासाठी त्या पैशाचे पुढे काय होते, ते पाहिले पाहिजे.

अडीच लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला साडेसतरा हजार रुपये व्याज येते. महिन्याला सुमारे साडेचौदाशे. म्हणजे पंचवीस हजारांचे भाडे मालकाच्या दृष्टीने साडेसव्वीस हजारांच्या आसपास जाते. परत करावयाची अनामत भाड्याचे उत्पन्न म्हणून धरली जात नाही, हाही लाभच. भारतातील मोठ्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने वार्षिक भाडे दोन ते चार टक्क्यांच्या पलीकडे क्वचितच जाते. एक कोटीच्या घराचे वर्षाला तीन लाख मिळतात, आणि तेच कोटी रुपये बँकेत ठेवले असते तर दुप्पट मिळाले असते, ही टोचणी मालकाला सतत असते. त्या टोचणीवर अनामत ही थोडीशी फुंकर आहे. भाडेकरूची बाजू मात्र वेगळी दिसते. त्याने हेच अडीच लाख वैयक्तिक कर्ज काढून पंधरा टक्क्यांनी उभे केले असतील, तर त्याला वर्षाला साडेसदतीस हजार रुपये व्याज भरावे लागते. मालकाला साडेसतरा हजार मिळावेत म्हणून भाडेकरूने साडेसदतीस हजार गमवावेत, हा दोघांच्याही दृष्टीने वाईट सौदा होय. मालकाने अनामत दोन महिन्यांवर आणून भाडे दीड-दोन हजारांनी वाढवले, तर दोघेही अधिक सुखी होतील. काही मालक हे जाणतात आणि तसा पर्याय पुढे ठेवतात. बहुसंख्य ठेवत नाहीत.

ते का ठेवत नाहीत, याचे उत्तर बंगळूरच्या तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर सापडते. बाराशे चौरस फुटांचा हा भूखंड शहराच्या बऱ्याच भागांत मध्यमवर्गीयाच्या मालमत्तेचे जणू एकक आहे. निवृत्तीच्या सुमारास मालक त्यावर तीन-चार मजले चढवतो. तळमजल्यावर स्वतः राहतो आणि वरची घरे भाड्याने देतो. बांधकामाला बँकेचे कर्ज असते, पण गिलावा, फरशी, रंग आणि मुलीचे लग्न हे सारे कर्जात बसत नाही. चार भाडेकरूंकडून दोन-दोन लाख घेतले की आठ लाखांचे बिनव्याजी भांडवल हाती येते. ते बँकेत पडून राहत नाही. ते भिंतीत जाते. यथावकाश पहिला भाडेकरू घर सोडतो आणि त्याचे दोन लाख परत करावयाची वेळ येते, तेव्हा ती रक्कम येते कोठून? नव्या भाडेकरूच्या अनामतीतून. जुन्याला ‘नवीन माणूस आला की लगेच देतो’ असे मालक सांगतो, ते लबाडीने सांगतो असे नाही. त्याच्यापाशी दुसरे साधनच नसते.

ही साखळी लक्षात आली की दहाच्या आकड्याचे रहस्य बरेचसे सुटते. आधीच्याकडून दहा महिने घेतलेला मालक पुढच्याकडून दोन महिने घेऊच शकत नाही. मधल्या आठ महिन्यांचे पैसे त्याला खिशातून घालावे लागतील आणि खिसा तर रिकामा आहे. कायद्याच्या भयातून जन्मलेली रक्कम एकदा खर्च झाली की भय ओसरल्यावरही ती तशीच चालू राहते. एकेका मालकाला बाहेर पडता येत नाही आणि सर्वांनी एकदम बाहेर पडावे असे सांगणारा कोणी नाही.

या साखळीची परीक्षा २०२० मध्ये झाली. महामारीच्या टाळेबंदीनंतर कार्यालये घरून चालू लागली आणि असंख्य तरुण नोकरदारांनी बंगळूरची घरे सोडून आपापले गाव गाठले. एका भाडेकरूमागे दुसरा उभा असण्याची सवय असलेल्या मालकांपुढे एकाच वेळी अनेक अनामती परत करण्याचा प्रसंग आला आणि नवा भाडेकरू कोणीच नव्हता. परतफेडी लांबल्या, भांडणे झाली. पुष्कळ मालकांना भाडे आणि अनामत दोन्ही उतरवावी लागली. २०२२ मध्ये कार्यालये पुन्हा भरू लागताच पारडे उलटले. एका घरासाठी अनेकजण रांगेत उभे राहू लागले, भाडी भराभर चढली आणि त्यांबरोबर अनामतीही. यावरून दिसते की मालक आकडा ठरवतो म्हणजे मुख्यतः बाजार त्याला किती मागू देतो ते अजमावतो. महिनाभर रिकामे राहिलेले घर त्याला नमवते आणि दारात उभे असलेले दोन उमेदवार त्याला ताठ करतात.

मालकही सारे एका साच्याचे नसतात. तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मालकाला भाडेकरू रोज जिन्यात दिसतो. त्याला शांतता आणि वेळेवर भाडे हवे असते आणि माणूस मनास आला तर तो दोन-तीन महिने सोडून देतो. परदेशी राहणाऱ्या मालकाचे व्हाइटफील्डमधील सदनिकेवर डोळे नसतात; नजरेआड असलेल्या घरासाठी तो अधिक मागतो, किंवा एखाद्या कंपनीलाच घर देणे पसंत करतो. वसतिगृहवजा खोल्या चालवणारा, ज्याला तेथे ‘पीजी’ म्हणतात, तो एखाद-दोन महिन्यांवर भागवतो. कारण त्याच्याकडील माणसाला बाहेर काढणे म्हणजे एक खाट रिकामी करणे एवढेच असते. घरात किती सामान दिले आहे, यानेही आकडा हलतो.

अनामतीचे आणखी एक काम आहे आणि त्याविषयी मालक क्वचितच उघडपणे बोलतो. ती चाळणी आहे. अविवाहित तरुण, एकटी राहणारी स्त्री, सामिष आहार घेणारे कुटुंब, अमुक धर्माचा किंवा जातीचा माणूस, यांना नकार देणे अवघड वाटले की मोठा आकडा सांगितला जातो. ‘घर नाही’ म्हणण्याऐवजी ‘बारा महिने लागतील’ असे म्हटले की काम भागते आणि वाईटपणा येत नाही. ज्याच्या घरात चार पैसे साठलेले आहेत तो या चाळणीतून पार होतो. ज्याचा पगार चांगला, पण मागे काही नाही, असा पहिल्या पिढीचा नोकरदार अडकतो. दरमहाचे भाडे भरण्याची त्याची ऐपत असते. ठोक रकमेची नसते.

अनामत वाढत वाढत टोकाला गेली म्हणजे भाडे पूर्णपणे नाहीसे होते. बंगळूरमध्ये या प्रकाराला कन्नडमध्ये ‘भोग्य’ आणि व्यवहारात ‘लीज’ म्हणतात. भाडेकरू एकदाच मोठी रक्कम देतो, दोन-तीन वर्षे भाड्याविना राहतो आणि निघताना सगळी रक्कम परत घेतो. शब्द जुना आहे. धर्मशास्त्रकारांनी गहाणाचे गोप्य आणि भोग्य असे दोन भेद केले आहेत: पहिले केवळ जपून ठेवावयाचे, दुसऱ्याचा उपभोग घ्यावयाचा, आणि जपून ठेवावयाच्या गहाणाचा उपभोग घेणाऱ्याचे व्याज बुडते, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. दक्षिण कोरियातील ‘चोन्से’ ही याच प्रकारची पद्धत. तेथे घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम ठेव म्हणून दिली जाते. २०२२-२३ मध्ये तेथील घरांच्या किमती उतरल्या, तेव्हा हजारो भाडेकरूंच्या ठेवी अडकल्या आणि सरकारला खास कायदा करावा लागला. बंगळूरच्या भोग्यातही धोका तोच आहे. ज्या घरावर पैसे दिले ते मालकाने आधीच बँकेकडे गहाण ठेवलेले असेल, तर जप्तीच्या वेळी बँकेचा हक्क पुढे जातो आणि नोंदणी न केलेल्या कागदाच्या आधारे उभा असलेला भाडेकरू मागे राहतो.

अनामतीला कायद्याने आवर घालावा, ही कल्पना नवी नाही. अनेक राज्यांच्या जुन्या भाडे कायद्यांत एका महिन्याहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यास मनाई होती. बिहारमधील अशाच एका प्रकरणात भाडेकरूने कायद्याविरुद्ध जाऊन मालकाला रक्कम दिली होती. तोही दोषी ठरतो काय, असा प्रश्न १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. टंचाईमुळे नाइलाजाने पैसे देणारा आणि त्या टंचाईचा लाभ घेऊन ते घेणारा, हे दोघे सारखेच दोषी मानता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले आणि ती रक्कम थकलेल्या भाड्यापोटी वळती करून घेण्यास भाडेकरूला मुभा दिली. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांकडे धाडला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची आणि इतर जागेसाठी सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. त्याच मसुद्यात मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे घेण्याचीही तरतूद आहे. मालकाच्या हातातील ओलीस काढून घ्यावयाचे तर त्याला दुसरे शस्त्र दिले पाहिजे, हे मसुदाकारांनी नीट ओळखले होते. परंतु राज्याने स्वीकारल्याखेरीज आदर्श कायद्याला बळ येत नाही आणि बंगळूरच्या व्यवहारात ही मर्यादा उतरलेली नाही. तामिळनाडूने २०१७ च्या आपल्या कायद्यात तीन महिन्यांची मर्यादा घातली खरी, पण ‘उभयतांत वेगळा करार नसेल तर’ अशी पुस्ती जोडून तिची धार बोथट केली.

इतर देशांनी मर्यादेइतकेच लक्ष ठेव कोणाकडे असावी याकडे दिले आहे. जर्मनीत तीन महिन्यांहून अधिक ठेव घेता येत नाही, ती भाडेकरूला तीन हप्त्यांत देता येते आणि मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावयाची असते, व्याज भाडेकरूचे. इंग्लंडमध्ये २००७ पासून मालकाला बहुतेक भाडेकरारांची ठेव मान्यताप्राप्त योजनेत संरक्षित करावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९७७ च्या कायद्याने अशा ठेवी शासकीय मंडळाकडे जमा होऊ लागल्या. या सर्व ठिकाणी ठेव भिंतीत जाऊ शकत नाही आणि म्हणूनच तिचा आकार लहान ठेवणे मालकाला परवडते.

बंगळूरचा भाडेकरू या साऱ्याचा अनुभव घेतो तो शेवटच्या महिन्यात. करारात बहुधा आधीच लिहिलेले असते की रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापले जाईल, मग रंग उडालेला असो वा नसो. स्वाभाविक झीज वगळून घर होते तसे परत करावे, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो. परंतु करारात वेगळे ठरलेले नसेल तरच तो नियम लागू होतो, आणि रंगाचे कलम हे नेमके तसे वेगळे ठरवणेच असते. संपूर्ण अनामत जप्त करण्याची अट असेल, तर मात्र भाडेकरू अगदीच निराधार नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम करारभंगाबद्दल वाजवी भरपाईपुरतीच मागणी मान्य करते आणि आधीच हाती घेतलेल्या रकमेलाही ते लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये स्पष्ट केले. पण चाळीस हजारांसाठी दिवाणी दावा कोण लावतो? मालकाला घरासाठी जी दिरंगाई जाचते, तीच भाडेकरूला पैशासाठी जाचते. फरक इतकाच की मालकाने तिची किंमत आगाऊ वसूल केलेली असते.

म्हणून जाणता भाडेकरू निराळाच उपाय करतो. घर सोडण्याच्या आधीचे तीन-चार महिने तो भाडेच देत नाही आणि अनामतीतून वळते करून घेण्यास सांगतो. मालकांनाही हे ठाऊक असल्याने ते हा अवधी मनात धरून आकडा वाढवतात आणि करारात असे वळते करण्यास स्पष्ट मनाई लिहितात. नव्या घराचा मालक मात्र जुन्याची अनामत परत येईपर्यंत थांबत नाही. तेव्हा घर बदलणाऱ्या कुटुंबाला काही आठवडे दोन घरांची अनामत एकदम उभी करावी लागते. सामानाचा ट्रक दारात उभा असतो. मालक म्हणतो, आधी किल्ली द्या, घर पाहून धनादेश देतो. भाडेकरू म्हणतो, आधी धनादेश द्या, किल्ली देतो. वरच्या मजल्यावर रंगारी भिंतीला हात लावून अंदाज सांगत असतो आणि फाटकावरची ‘टू-लेट’ची पाटी आदल्याच दिवशी लागलेली असते.